दरबारातले गरीब, गोठ्यातले गरीब

१५८९ साली अहमदनगरच्या किल्ल्यात आणि शहरात जी कत्तल झाली, तिच्यात मारल्या गेलेल्या माणसांना फारसी इतिहासकार ज्या नावाने ओळखतात ते नाव मराठी वाचकाला चक्रावून टाकणारे आहे. आदल्याच वर्षी मीरान हुसेनने बाप मुर्तजा निजामशहा याचा जीव घेऊन गादी मिळवली होती. पुढे वजीर मिर्झाखानाने याच मीरान हुसेनला किल्ल्यात अडकवले. दख्खनी सरदारांचा पुढारी जमालखान जमाव घेऊन दरवाजावर आला आणि आमचा राजा आम्हाला दाखवा म्हणून अडून बसला, तेव्हा मिर्झाखानाने राजाचे मुंडकेच बुरुजावरून दाखवले. खवळलेल्या जमावाने दरवाजा जाळला, आत घुसून दिसेल त्याला कापले, आणि मग कित्येक दिवस शहरातली घरे धुंडाळून हा प्रकार चालू राहिला. बळी पडलेले लोक कोण होते? इराणातून, तुराणातून, अरबस्तानातून आलेले सरदार, मुत्सद्दी, विद्वान, व्यापारी. ज्यांच्या दारात घोडे बांधलेले होते आणि पदरी माणसे होती असे लोक. आणि त्यांचे नाव होते ‘गरीब’. मिर्झाखान स्वतः याच गरीब पक्षाचा म्होरक्या होता. निजामशाहीच्या कागदोपत्री राज्यातले काही सर्वांत धनाढ्य लोक गरीब होते, आणि त्याच राज्यातला कुणबी हळूहळू आपल्या फाटक्या संसारासाठी तोच शब्द उचलत होता. या दोन अर्थांमधले अंतर मराठीने कसे कापले हे पाहण्यासाठी नगरइतकी सोयीची जागा दुसरी नाही.

अरबीत ‘गरीब’ या विशेषणाचा मूळ अर्थ परका, आपल्या मुलखापासून दूर आलेला. ज्या धातूपासून तो निघाला त्याच धातूतून सूर्य मावळण्याची दिशा सांगणारा ‘मगरिब’ निघाला. मोरोक्को देशाला अरबीत आजही हेच नाव आहे. नजरेआड गेलेला, दूर गेलेला अशी ही कल्पना. फारसीने हा शब्द अरबीकडून घेतला आणि बहमनी दरबारात तो एका पक्षाचे नाव बनला. बाहेरून आलेल्यांना गरीब किंवा आफाकी, म्हणजे क्षितिजापलीकडून आलेले, असे म्हणत. इथे पिढ्यान् पिढ्या रुजलेले मुसलमान ते दख्खनी. या दोन पक्षांच्या वैराने बहमनी राज्य पोखरले. महमूद गावान हा गिलानहून आलेला वजीर, म्हणजे गरीब. १४८१ साली बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला, आणि त्या कारस्थानात मलिक हसन निजामुल्मुल्क या दख्खनी पुढाऱ्याचा हात होता. याच मलिक हसनचा मुलगा मलिक अहमद १४९० साली स्वतंत्र झाला आणि भिंगारजवळ सीनेच्या काठी त्याने स्वतःच्या नावाचे शहर वसवले. म्हणजे नगरची स्थापना दख्खनी पक्षाच्या वारसाने केली. तरीही दोन पिढ्यांत हे शहर गरिबांनी गजबजले. चौल बंदर निजामशहाच्या ताब्यात होते. तिथून घोडे उतरत तसे नशीब काढायला निघालेले इराणीही उतरत. शाह ताहिर हा इराणातून परागंदा झालेला विद्वान बुऱ्हाण निजामशहाचा सल्लागार झाला आणि त्याच्या सांगण्यावरून १५३७ च्या सुमारास राजाने शिया पंथ स्वीकारला. विजापूरच्या बुरुजावर बसलेली मुलुखमैदान तोफ १५४९ साली नगरात ओतली गेली. ती ओतणारा रूमीखान हाही बाहेरचाच. जुहूरीसारखा फारसी कवी नगरच्या दरबारात येऊन राहिला. आणि ज्याच्या इतिहासग्रंथामुळे आपल्याला हे सगळे तपशील कळतात तो फिरिश्ता अस्तराबादेत जन्मलेला, बापाबरोबर लहानपणी नगरला आलेला. १५८८ च्या धुमाळीत तो केवळ राजपुत्र मीरान हुसेनचा सहाध्यायी म्हणून वाचला आणि पुढच्या वर्षअखेरीस विजापूरला निघून गेला.

या पक्षनावात एक बारकावा आहे आणि पुढच्या सगळ्या विवेचनाला तो लागणार आहे. गरीब म्हणजे परका हे खरे, पण दरबारात प्रत्येक परका गरीब नव्हता. हबशी सरदार आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकले जाऊन इथे येत. जन्मभूमीपासून त्यांच्याइतके तुटलेले कोणी नसेल, तरी त्यांची गणना दख्खनी पक्षात होई. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर निजामशाहीचा शेवटचा मोठा आधार झाला तो दख्खनी मुलखाचा रखवालदार म्हणून. गरीब म्हणून त्याला कोणी ओळखले नाही. तेव्हा या शब्दाने केवळ भूगोल सांगण्याचे काम सोळाव्या शतकातच सोडले होते. कोण कोणाच्या बाजूचा, कोणाला कुठे थारा आणि कोणाला नाही, हे तो सांगू लागला होता. ‘थारा नसणे’ ही कल्पना परका आणि निर्धन या दोन अर्थांना जोडणारी कडी आहे, असे मला वाटते.

राज्यकर्त्यांच्या भाषेतून आलेली विशेषणे जनतेच्या तोंडी पडल्यावर अर्थ बदलतात, हे जगात सर्वत्र घडले आहे. १०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांचे राज्य आले आणि पुढची काही शतके इंग्रजीत फ्रेंच शब्दांचा पूर लोटला. ‘नाइस’ हे आज गोड बोलायचे इंग्रजी विशेषण फ्रेंचमधून आले तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख, अडाणी असा होता. तिथून ते चोखंदळ, नाजूक अशी वळणे घेत ‘छान’वर पोहोचले. आपल्या दृष्टीने त्याहून बोलका दाखला ‘स्ट्रेंज’ या विशेषणाचा. तेही जुन्या फ्रेंचमधूनच आलेले, आणि त्याचा आरंभीचा अर्थ बरोबर ‘गरीब’चाच होता: परका, बाहेरचा. इंग्रजीत परका माणूस पुढे विचित्र ठरला. अरबी शब्दालाही ही वाट उघडी होती. हिंदीतल्या ‘अजीबोगरीब’मध्ये गरीबचा अर्थ विलक्षण असाच आहे. मराठीने ती वाट धरली नाही. तिच्याकडे परक्या माणसाचे दोन गुण आले होते, तो वेगळा दिसतो हा एक आणि त्याला कोणी नसते हा दुसरा. तिने दुसरा उचलला.

मराठीला या शब्दाची गरज का पडली, हा खरा प्रश्न आहे. परक्यासाठी तिच्याकडे परका, उपरा, परदेशी असे शब्द होतेच. निर्धनासाठीही होते. नगर जिल्ह्यातल्या नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी पूर्ण झाली, तेव्हा देवगिरीवर अजून यादवांचे राज्य होते आणि खिलजीची स्वारी व्हायची होती. त्याच सुमारास महानुभाव पंथाच्या लीळाचरित्रातून बेलापूर, डोमेग्राम या याच जिल्ह्यातल्या गावांची बोली लिहिली जात होती. त्या मराठीत दीन आहे, रंक आहे, दुबळा आहे. फारसी जवळजवळ नाही. पुढच्या तीनशे वर्षांत चित्र पार पालटले. वि. का. राजवाडे यांनी मराठी कागदांतल्या शब्दांची मोजणी करून दाखवली आहे; त्यांच्या हिशेबात १६२८ सालच्या एका कागदातल्या २३६ शब्दांपैकी २०२ फारसी निघाले. निजामशाहीचा वसूल आणि हिशेब गावोगावच्या कुलकर्णी-देशपांड्यांच्या हातात होता. तेच लोक वरचा फारसी हुकूम वाचून गावाला मराठीत समजावत आणि गावाचे म्हणणे फारसी वळणाच्या मराठीत वर पाठवत. शब्द उतरले ते या जिन्यावरून. दरबारातल्या पक्षभेदाशी कुणब्याचा संबंध आला नसेल. कुलकर्ण्याच्या बोरूशी आला.

आणि बोरूचे काम बहुतेक वेळा अर्ज लिहिण्याचे. फारसी अर्जाची एक ठरलेली रीत होती. वरच्याला ‘गरीबपरवर’ किंवा ‘गरीबनवाज’ म्हणायचे, म्हणजे परक्यांचा, निराधारांचा पालनकर्ता. आणि ज्याने असे संबोधले तो आपोआप गरीब. ही रीत इतकी चिवट निघाली की निजामशाही, मोगलाई, पेशवाई मागे पडून कंपनी सरकार आले तरी साहेबाच्या पुढ्यात हीच हाक ऐकू येई, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी हिंदुस्थानी शब्दांचा कोश केला तेव्हा त्यात तिला जागा द्यावी लागली. अर्जात शब्द कसा वागतो पाहा. तिथे माणूस स्वतःविषयी बोलत असतो, आणि त्याला एकाच वेळी दोन गोष्टी साधायच्या असतात. माझ्याजवळ काही नाही हे सांगायचे, पण त्यात माझा दोष आहे असे मात्र वाटू द्यायचे नाही. ‘दरिद्री’ इथे चालत नाही. दारिद्र्य ही अवदसा, ते लक्ष्मीने पाठ फिरवल्याची खूण, आणि त्या शब्दाला आळसाचा व अस्वच्छतेचा वास येतो. दरिद्री ही मराठीत शिवी आहे. ‘कंगाल’मध्ये हेटाळणी आहे, ‘भिकारी’मध्ये तिरस्कार, ‘दुबळा’ शरीराकडे बोट दाखवतो, ‘रंक’ पोथीत राहिला. ‘आम्ही गरीब माणसं’ हे वाक्य मात्र मराठी माणूस मान खाली न घालता आजही म्हणतो. ‘आम्ही दरिद्री माणसं’ असे कोणी म्हणत नाही. निर्धनासाठी अनेक शब्द असताना आणखी एक का लागला याचे उत्तर मला इथे दिसते. आपली निर्धनता स्वतःच्या तोंडाने सांगता येईल असा शब्द मराठीत नव्हता, तो फारसीने दिला.

त्याहून पुढचा प्रश्न असा की याच शब्दाला दोषाचा डाग का लागला नाही. माझे म्हणणे असे की जुना अर्थ त्याच्या आत शिल्लक होता म्हणून. परमुलखात एकट्या पडलेल्या माणसाजवळ काही नसणे हा त्याचा गुन्हा नसतो. घर सुटले की जे होते ते त्याचे झाले आहे. शिया परंपरेत हा भाव फार खोल आहे. बारा इमामांपैकी आठवे इमाम रझा मदिनेहून दूर खुरासानात वारले आणि मशहदला त्यांची समाधी आहे. त्यांना ‘गरीब-उल-गुरबा’, परक्यांतले परके, म्हणतात. करबलाच्या रणात मारले गेलेले हुसेन हेही भक्तांच्या तोंडी गरीब असतात. या गरिबांविषयी कीव नाही, अपार आदर आहे. बुऱ्हाण निजामशहाने बारा इमामांच्या नावाने खुतबा वाचायला लावला तेव्हापासून हे दुःख नगरच्या शहरी जीवनात आले. बारा इमाम कोटल्याची वास्तू आणि मोहरमातल्या सवाऱ्या आजही शहरात आहेत, आणि त्या सवाऱ्यांना नवस बोलणाऱ्यांत हिंदूंची संख्या मोठी आहे. मराठीतल्या ‘गरीबगुरबा’ या जोडशब्दातला गुरबा हा पुष्कळांना नुसता यमकासाठी जोडलेला वाटतो. तो ‘गरीब’चे अरबी अनेकवचन आहे. इमामाच्या उपाधीतले दोन्ही शब्द आपल्या जोडशब्दात जसेच्या तसे उभे आहेत. ही उपाधी नगरच्या मोहरमातून मराठीत आली असे मी म्हणत नाही. गरीब-गुरबा ही जोडी उत्तरेतही आहे. परक्याचे दुःख पवित्र मानणारी परंपरा या शब्दाच्या पाठीशी होती आणि ती नगरच्या रस्त्यावर दरसाल दिसत होती, एवढेच माझे म्हणणे.

इथे एक आक्षेप आधीच घ्यायला हवा. निर्धन हा अर्थ काही मराठीने घडवलेला नाही. हिंदी, उर्दू, पंजाबी, गुजराती, बंगाली या सगळ्या भाषांत गरीब म्हणजे निर्धनच. तुर्की भाषेतही या शब्दाला केविलवाण्या, एकाकी माणसाची छटा आहे. म्हणजे अर्थबदलाचे पहिले पाऊल फारसी लिहिणाऱ्या साऱ्या जगात पडले, मग त्याचे श्रेय नगरच्या मातीला कसे द्यायचे? आक्षेप बरोबर आहे आणि मी ते श्रेय देत नाही. शब्द कुठे जन्मला आणि कुठे खोल रुजला हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रुजण्याला इथे जे खतपाणी मिळाले ते दुसऱ्या एका अरबी शब्दाने दिले, आणि तो शब्द म्हणजे ‘वतन’.

अरबीत आणि फारसीत वतन म्हणजे मायभूमी. गरीब हा वतनाला पारखा झालेला. दोन शब्द एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना उभे असतात. मराठी मुलखात वतनाचाही अर्थ बदलला. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, महारकी, सुतारकी अशा वंशपरंपरेच्या कामाला, त्याबद्दल मिळणाऱ्या जमिनीला, बलुत्याला आणि मानपानाला वतन म्हणू लागले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा त्यांना वतनदार आणि फिरस्ते या दोन बाजूंनीच गावाची सगळी मांडणी करावी लागली. गावात मिरासदार थळकरी एकीकडे आणि उपरी दुसरीकडे. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. त्याला जमीन मिळे ती कौलावर, मुदतीपुरती. मिरासदाराला जमिनीवरून सहसा उठवता येत नसे, उपऱ्याला येई. होळीचा मान नाही, बलुत्यात वाटा नाही, पांढरीच्या निवाड्यात शब्द नाही. वतन म्हणजे मायभूमी होते तोवर वतन नसलेला माणूस नुसता परका होता. वतन म्हणजे उत्पन्न झाले त्या क्षणी वतन नसलेला माणूस परका आणि निर्धन दोन्ही झाला. दोन्ही शब्द एकाच बोरूने, एकाच कागदावर, बरोबरीने सरकले. उत्तरेत वतन मायभूमीच राहिले, तिथे गरीब शब्दाला असा जोडीदार नव्हता. इथे होता, आणि म्हणून परकेपणातून निर्धनतेकडे जाणारी वाट इथल्या गावात रोज डोळ्यांसमोर दिसत असे.

शिवाय हा मुलूख अवर्षणाचा. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने बालाघाट आणि भीमा-सीनेच्या खोऱ्यातली गावे ओस पाडली, आणि त्यावर मोगल-निजामशाहीच्या लढायांचा मार. १६३६ साली निजामशाही संपली. गाव सोडून गेलेल्यांसाठी मराठीने ‘परागंदा’ हाही फारसी शब्दच घेतला, आणि ओसाड गावे पुन्हा वसवण्यासाठी सरकारला कौल देऊन रयत बोलवावी लागे. आपल्या गावात मिरासदार असलेला कुणबी चार मजलांवरच्या गावात पोहोचला की उपरी होई. परक्या माणसाचे निर्धन होणे ही त्याच्यासाठी कोशातली व्युत्पत्ती नव्हती. एका उन्हाळ्यात घडणारी गोष्ट होती.

दरबारातल्या अर्थाचे काय झाले? तो दरबाराबरोबर संपला. बाहेरून येणारे इराणी आटले, पक्ष विरले, आणि ज्यांना गरीब म्हणून मारले किंवा मिरवले त्यांचे वंशज इथलेच झाले. अर्थ वापरणारे टिकतात तोवरच तो टिकतो. सरदारांच्या गरीबला नगरच्या तटाबाहेर वापरणारा कोणी नव्हता, रयतेच्या गरीबला सारा मुलूख होता.

शब्दांच्या या हलवाहलवीत एक अदलाबदल अशी झाली की ती मुद्दाम सांगावीशी वाटते. अरबीत निर्धन माणसाला ‘फकीर’ म्हणतात. मराठीत फकीर म्हणजे गावोगाव फिरणारा, ना घर ना दार असा विरक्त, म्हणजे जवळपास अरबीतला गरीब. एकाची जागा दुसऱ्याने घेतली आणि दुसऱ्याची पहिल्याने. याच जिल्ह्यातल्या शिर्डीत १९१८ साली देह ठेवलेल्या साईबाबांना लोक फकीर म्हणत, आणि साईबाबा स्वतः देवालाही फकीर म्हणत. कुठून आले, कोणाचे, हे कोणाला माहीत नसलेल्या माणसाला शिर्डीने जो शब्द लावला तो अरबीत नुसत्या कफल्लकासाठी होता. निर्धनासाठीचा अरबी शब्द मराठीत असा वैराग्याच्या कामाला लागल्यावर निर्धनाची जागा मोकळी राहिली, आणि ती गरीबने घेतली. ‘मिस्कीन’ हा तिसरा शब्दही त्या जागेचा हक्कदार होता. तो इकडे फारसा चालला नाही. तिकडे युरोपात मात्र तो स्पेन-इटलीवरून फ्रेंचपर्यंत गेला आणि तिथे त्याचा अर्थ कोता, क्षुद्र मनाचा असा झाला. निर्धन माणूस तिथे हलका ठरला. आपल्याकडे गरीबचे तसे झाले नाही हे पुन्हा लक्षात घेण्यासारखे आहे.

झाले ते वेगळेच. मराठीत गरीब म्हणजे शांत, निरुपद्रवी, कोणाला न दुखवणारा असाही अर्थ आला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, निर्धन आणि सौम्य हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नोंदलेले आहेत. घोडेगावच्या किंवा काष्टीच्या बाजारात जनावर दाखवणारा विक्रेता ‘एकदम गरीब हाय, पोरानं सोडलं तरी चालतंय’ म्हणतो तेव्हा तो गायीच्या मिळकतीविषयी बोलत नसतो. ती लाथ मारत नाही, शिंग उगारत नाही, परक्या हाताला दूध देते, हे त्याला सांगायचे असते. घेणाराही दाताखुरांइतकेच या गुणाचे पैसे मोजतो. बंगला-मोटार असलेल्या घरातली मुलगीही लग्नाच्या बोलणीत ‘स्वभावाने गरीब’ असते. निर्धनतेचा अंशही उरलेला नाही असा हा वापर.

याला पंजाबातून उत्तर येऊ शकते. शिखांच्या धर्मवाङ्मयात गरिबी म्हणजे नम्रता, आणि ती श्रेष्ठ गुण मानली आहे. तेव्हा सौम्यतेचा अर्थही मराठीचा एकटीचा नाही. मान्य. पण तिथे ती देवापुढची नम्रता आहे आणि माणसाने ती कमवायची असते. गोठ्यातली गरीब गाय आणि बोलणीतली गरीब मुलगी यांनी काही कमावलेले नसते. त्यांच्याकडून ती अपेक्षित असते. हा अर्थ मला अर्जाच्या रिवाजातूनच आलेला दिसतो. ज्याला गरीबपरवरापुढे उभे राहायचे आहे त्याने आवाज चढवायचा नसतो. पिढ्यान् पिढ्या निर्धन माणूस हात जोडून, खालच्या पट्टीत बोलताना दिसला, आणि ती पट्टीच त्याचा स्वभाव समजली गेली. मग तो गुण त्याच्यापासून सुटा काढून गायीला लावला, सुनेला लावला. ज्या शब्दाने निर्धनाला दोषमुक्त केले त्याच शब्दाने त्याच्यावर मुकाट राहण्याची अट घातली. या व्यवहाराची दुसरी बाजू दिसत असूनही एकट्या पहिल्या बाजूचे कौतुक करणे मला जमत नाही.

कोणी म्हणेल, परकीय शब्द काढून टाकण्याचे प्रयत्न मराठीत दोनदा तरी झाले, मग हा शब्द कसा सुटला? शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या हाताखाली राज्यव्यवहारकोश झाला, पण त्याचा रोख कारभारातल्या संज्ञांवर होता. माणसाच्या हालअपेष्टांचे शब्द त्याच्या कक्षेत फारसे येत नव्हते. विसाव्या शतकात सावरकरांची भाषाशुद्धी आली. तिने मराठीला महापौर दिला, दिनांक दिला. गरीब मात्र बोलीत जसाच्या तसा राहिला, कारण तोवर तो परका आहे याची आठवण कोणालाच नव्हती. परका असा अर्थ असलेला शब्द स्वतः इतका घरचा झाला होता. सरकारी भाषेने मात्र एक विभागणी केली आणि ती माझ्या मुद्द्याला बळ देते. १९७१ साली निवडणुकीत घोषणा आली ती ‘गरिबी हटाव’, आणि त्याच वर्षी पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातल्या निर्धनतेवरचा गाजलेला अभ्यास पुस्तकरूपाने आला. पण मोजमापासाठी मराठीने ‘दारिद्र्यरेषा’ हा शब्द पक्का केला. माणसाशी बोलायचे असेल तर गरिबी, माणूस मोजायचा असेल तर दारिद्र्य. ‘दारिद्र्यरेषेखालचा’ हे विशेषण शिधापत्रिकेवर असते, कोणाच्या तोंडी स्वतःसाठी नसते.

जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून ऊसतोडीच्या टोळ्या आजही दसऱ्यानंतर गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. कारखान्याच्या परिसरात त्या काळात त्यांना ना शेत ना मत ना शाळेचा पट. ज्या गावाच्या फडात ते कोयता चालवतात त्या गावाला ते परके आहेत आणि गरीब आहेत, आणि या दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे. शब्दाचे दोन अर्थ चारशे वर्षांनंतर इथे एका माणसात भेटतात. त्यांच्याविषयी ‘गरीब बिचारे’ म्हणताना त्यातला मुकाटपणाचा अर्थ आपण टाकून द्यावा आणि थारा नसण्याचा अर्थ जवळ करावा, असे मला मनापासून वाटते. थारा देणे हे करता येण्यासारखे काम आहे: मुलांना शाळा, टोळीला निवारा, शिधापत्रिकेवर धान्य.

नगरच्या इतिहासावर मराठीत लिहिणाऱ्यांना माझी एक वेगळी विनंती आहे. फिरिश्ता आणि इतर फारसी साधनांचा आधार घेताना या पक्षाला नुसते ‘परदेशी मुसलमान’ म्हणून मोकळे होऊ नका. मूळ शब्द ‘गरीब’ तसाच ठेवा आणि शेजारी एका ओळीत त्याचा तेव्हाचा अर्थ द्या. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यालाही ती ओळ समजेल, आणि आपल्या तोंडचा रोजचा शब्द एकेकाळी आपल्याच किल्ल्यात काय म्हणून वावरत होता हे त्याला कळेल.